माझं बटण दाबा

सोमवार, २२ एप्रिल २०२४. उमरगा. ऊन फार. सकाळी नळ आला, पिंपं भरून घेतली. सारजाबाई येडेश्वरीच्या यात्रेला येरमाळ्याला गेली. दुपारी नेहमीच्या वेळी भजन झालं. शिरा केला होता, उरला. शिवप्रियाचा फोन नाही.

एवढं लिहून गिरिजाबाईंनी पेनाला टोपण लावलं, आणि पुन्हा काढलं. सोमवारच्या नोंदीत भजनाला कोण कोण आलं हे त्या न चुकता लिहीत. आज ते वाक्य राहिलं होतं. खोटं लिहायची सवय नव्हती आणि खरं लिहवत नव्हतं. शेवटी वही मिटून त्यांनी कपाटात ठेवली.

ही सवय सोलापूरच्या कॉन्व्हेंटमधली. गिरिजाबाई मूळच्या मुरूमच्या, लिंगायत व्यापाऱ्याच्या घरातल्या. घरात कानडी, बाजारात मराठी आणि शाळेत इंग्रजी. बोर्डिंगमध्ये झोपण्याआधी प्रत्येक मुलीनं दिवसाची नोंद लिहायची आणि सिस्टरनं ती तपासायची, असा नेम होता. एकदा गिरिजानं लिहिलं, 'आज घरची फार आठवण आली.' सिस्टरनं त्यावर लाल रेघ मारली. "मनात आलं ते प्रार्थनेत सांग. इथं घडलं तेवढंच लिही." झालं. साठ वर्षं उलटून गेली तरी गिरिजाबाईंच्या वहीत घडलं तेवढंच असे. नवरा वारला त्या दिवशीची नोंदसुद्धा दोनच वाक्यांची होती: 'दुपारी हे गेले. घरी माणसं खूप.'

त्याच सिस्टरनं त्यांना पियानो शिकवला. लग्न होऊन उमरग्याला आल्यावर पियानो कुठला? पण त्यांचे यजमान शिवलिंगप्पा हौशी. कापडाचं दुकान बंद करून घरी येताना एकदा त्यांनी रिक्षातून जुनी बाजाची पेटी आणली. "हा घे तुझा पियानो," ते म्हणाले, "अर्धाच आहे बरं का. एक हात भाता मारण्यात जाणार." त्या एका हातावर गिरिजाबाईंनी संसारभर हौस भागवली.

सोमवारचं भजन मात्र नंतरचं. शिवलिंगप्पा गेले तेव्हा गल्लीतल्या बायका रोज दुपारी येऊन बसायच्या. दुखवट्याचे दिवस सरले तरी सोमवारचं येणं काही सुटलं नाही. नुसतं बसून काय करायचं, म्हणून कुणीतरी पेटी काढायला लावली, आणि भजन सुरू झालं. सहा-सात बायका जमत. एकुलती एक मुलगी शिवप्रिया बंगळूरला. घर मोठं, आणि त्यात आठवडाभर एकाच माणसाच्या चपला. सोमवारी दुपारी मात्र उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग पडायचा. गिरिजाबाई आतून पाणी आणायच्या निमित्तानं दारापर्यंत जाऊन तो ढीग बघून यायच्या.

दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पाय घसरून त्यांचं डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण भाता ओढायची ताकद गेली. पेटीवर कापड पडलं. "पेटीबिगर कसलं भजन," असं एकीनं म्हटलं आणि पुढच्या सोमवारी दोघी आल्या नाहीत. ते ऐकून शिवप्रियानं बंगळूरहून एक खोकं पाठवलं.

खोक्यातून निघालं ते पोळपाटाएवढं काळं यंत्र. खाली बारक्या पट्ट्या, वर चौकोनी बटणं, बाजूला बोलायचा माइक. सेलवर चालणारं, मांडीवर मावणारं. पट्ट्या दाबल्या की सिंथेसायझरचे नाना आवाज निघायचे, आणि बटणांत आपणच आवाज भरून ठेवायचे. बटण दाबलं की भरलेला आवाज बाहेर. शिवप्रिया फोनवर म्हणाली, "आई, याला भाता नाही. आता दोन्ही हात मोकळे."

गिरिजाबाईंनी भिंग घेऊन माहितीपुस्तक वाचलं. कॉन्व्हेंटचं इंग्रजी कामाला आलं. महिनाभर खपून त्यांनी पेटीच्या जवळ जाणारा एक आवाज शोधला, त्याच्याखाली तंबोऱ्यासारखी घुमणारी एक आस लावली. एका बटणात टाळ भरले, एकात डग्ग्याची थाप, आणि हौसेनं एकात पितळी तांब्यावर चमचा वाजवून त्याचा नाद. पट्टी बदलायचं बटणही त्यांनी शोधून काढलं; काळी चारला चन्नम्माचा गळा दाटला की त्या गुपचूप अर्धा स्वर खाली यायच्या आणि चन्नम्माला वाटायचं, आज आपला आवाज लागलाय.

बायका पुन्हा जमल्या. चन्नम्मा आलेल्यांत सगळ्यांत मोठी, अधिकारवाणीची, गल्लीच्या तोंडाशी तिचं घर. ती यंत्राकडे तिरकं बघत म्हणाली, "अय्यो अक्का, ही काय इस्त्री आणलीस मांडीवर?"

"इस्त्री नाही, पेटी आहे."

"मग भाता कुठाय?"

"नाही लागत."

"माणसाला तरी लागतोय बाई अजून," चन्नम्मा छातीवर हात ठेवून म्हणाली आणि सगळ्या हसल्या. तिच्या शेजारची सारजाबाई पुढं सरकली. ही मराठ्यांची, तिची दोन एकर जमीन गावाला लागूनच. लिंगायत बायकांच्या भजनात ती पहिल्यापासून मनानंच घुसलेली. "आमी वाजवू का?" तिनं विचारलं आणि परवानगीची वाट न बघता एक बटण दाबलं. तांब्या वाजला. "ह्ये तर माझ्या घरी फुकट वाजतंय की!"

आवाज भरायची कल्पना गिरिजाबाईंची. लग्नसराईत आज ही नाही, उद्या ती नाही. तिघी-चौघींत ध्रुपद उचललं की विरळ वाटायचं. म्हणून एका सोमवारी त्यांनी प्रत्येकीला माइकसमोर बसवलं आणि 'नमः शिवाय'चं ध्रुपद त्यांच्या नेहमीच्या चालीत म्हणायला लावलं. प्रत्येकीचं एक बटण. चन्नम्मानं पदर सावरून, फोटो काढायला बसावं तशी बसून म्हटलं. इरम्मा लाजली. चन्नम्माची धाकटी जाऊ शिवलीला, तिचा गळा सगळ्यांत गोड, तिचं एका दमात झालं.

सारजाबाईचं मात्र जमेना. ती दरवेळी आधीच सुरू व्हायची. बटणात पहिलं अक्षर कापलं जायचं आणि बाकीचं सगळ्यांच्या पुढं पळायचं. चार-पाचदा करून बघितल्यावर गिरिजाबाई म्हणाल्या, "राहू दे सारजाबाई."

"ऱ्हाऊ द्या," सारजाबाई म्हणाली. "म्या काय डब्यात बसायची बाई न्हाय." पण घरी जाताना ती नेहमीसारखी बोलली नाही.

पुढच्याच सोमवारी इरम्मा आळंदला गेलेली. ध्रुपदाच्या वेळी गिरिजाबाईंनी तिचं बटण दाबलं आणि इरम्मा खोलीत गायली. बायकांनी तोंडाला पदर लावला. हसून हसून चन्नम्माच्या डोळ्यांतून पाणी आलं. इरम्मा परतल्यावर तिला सांगितलं, तर तीही खूश: "म्हंजे मी नसले तरी चालतंय की!"

ते वाक्य तेव्हा कुणाच्या मनात अडकलं नाही. गिरिजाबाईंच्याही नाही.

मग कधी चन्नम्माचा गुडघा धरायचा, कधी शिवलीलाच्या दुकानात माल यायचा. आधी बायका निरोप पाठवताना ओशाळायच्या, आता फोन यायचा, "अक्का, आज माझं बटण दाबा हं." हसत, मोकळ्या मनानं. कुणाचंच भजन चुकत नव्हतं ना! आलेल्यांना मात्र भरलेल्या आवाजांच्या मागं जावं लागे. यंत्रातली चन्नम्मा त्या दिवशी जितक्या लयीत म्हणाली तितक्याच लयीत दर सोमवारी म्हणणार. तिला दम लागत नाही, ठसका येत नाही. सारजाबाई कुरकुरायची, "त्या डब्याच्या मागं पळायचं व्हय आमी?" इरम्मा मुलाकडे कलबुर्गीला राहायला गेली आणि जाताना म्हणाली, "मी हायच की इथं, बटणात."

गिरिजाबाईंना कळत होतं. एकेक जोड चप्पल कमी होताना दिसत होता. पण प्रत्येक वेळी वाटे, आज भजन विरळ झालं तर उद्या याही येणार नाहीत. आज भरलेलं वाटू दे. म्हणून त्या बटण दाबत राहिल्या.

आणि बावीस एप्रिलचा सोमवार उजाडला. सकाळपासून फोन. गुडघा, नातवंडं सुट्टीला आलीत, दुकान. सगळ्यांचं एकच: माझं बटण दाबा. सारजाबाई यात्रेला. गिरिजाबाईंनी शिरा केला, सतरंजी घातली आणि यंत्र मांडीवर घेतलं. मग उजव्या हातानं सूर धरला, डाव्या हातानं टाळ, डग्गा, आणि एकामागून एक सगळ्या बायका. खोली भरून गेली. त्यांनी स्वतः म्हणायला तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की आपण म्हटलं काय न म्हटलं काय, भजन चालूच आहे. त्या गप्प झाल्या. बटणं दाबत राहिल्या.

संध्याकाळी दूध आणायला बाहेर पडल्या तर समोरच्या औषधाच्या दुकानातले शंभुलिंग हात जोडून म्हणाले, "काकू, आज लई भरलं की भजन! दुकानात बसून ऐकत होतो. बऱ्याच जणी आल्त्या वाटतं?"

"हो," गिरिजाबाई म्हणाल्या आणि पिशवी सावरत पुढं गेल्या.

त्या दिवशीच्या वहीतलं वाक्य राहिलं ते असं.

आठवड्याभरानं शिवलीला आली. हातात पत्रिका. चन्नम्माच्या मुलानं बायपासजवळ घर बांधलेलं, अक्षयतृतीयेला वास्तुशांत. चहा घेता घेता ती म्हणाली, "काकू, एक काम होतं. ती तुमची पेटी द्याल का त्या दिवशी? सकाळी बायकांचं भजन ठेवलंय, म्हणजे... लावायचंय."

"अगं, मी येतेच की घेऊन."

"तुम्ही कशाला उन्हात दगदग करताय? मला येतं दाबता. फक्त तेवढी तुमची पेटीची साथ पण भरून ठेवा एका बटणात. म्हणजे झालंच."

गिरिजाबाईंनी कप खाली ठेवला. शिवलीलाच्या चेहऱ्यावर काळजीच होती, खरीखुरी; म्हाताऱ्या बाईला ऊन लागू नये ही. तिच्यावर रागवायला जागा नव्हती.

"परवा ये," त्या म्हणाल्या.

दिवेलागणीला त्यांनी यंत्र काढलं. पेटीची साथ भरायला म्हणूनच काढलं. चालीचे सूर एकदा वाजवले, दुसऱ्यांदा वाजवले. आता फक्त भरायचं बटण दाबायचं होतं. ते दाबलं की आपणही यात. मग यंत्र घरोघर फिरेल, भजन सगळीकडे होईल, आणि या खोलीत सतरंजी घालायचं कारण राहणार नाही. त्यांचं बोट तिथंच राहिलं. मग ते दुसऱ्या बटणाकडे गेलं.

भरलेला आवाज पुसायच्या आधी यंत्र विचारतं: नक्की का? त्यांनी इरम्माचं बटण निवडलं, आणि हो म्हटलं. शिवलीलाचं. मग बाकीच्यांचं. चन्नम्माच्या वेळी थोडा वेळ लागला. शेवटचं म्हणून वाजवून बघितलं, तर तिच्या आवाजामागं कुणीतरी हसल्याचं ऐकू येत होतं, बहुतेक त्या स्वतःच. तेही गेलं.

शिवलीला सांगितल्या दिवशी आली, उभ्याउभ्याच तिनं एक बटण दाबून बघितलं. आवाज नाही. दुसरं दाबलं.

"काकू, बिघडलं का?"

"नाही. मी पुसलं."

"पुसलं?" तिचा स्वर चढला. "आता मी घरी काय सांगू? थोरल्या जाऊबाई तर सगळ्यांना सांगून बसल्यात, आमचं भजन पेटीत आहे म्हणून."

"सांग, गिरिजाक्का येते पेटी घेऊन. बायकांनी म्हणायचं. मी साथ करते."

शिवलीलानं यंत्र अलगद पलंगावर ठेवलं. "बघते," ती म्हणाली. "विचारून सांगते तुम्हाला."

त्यांच्या समाजात नुसत्या पत्रिकेवर जेवायला जायची रीत नाही. कार्याच्या दिवशी सकाळी घरचं माणूस दारात येऊन पुन्हा बोलावणं करतं, तेव्हा मोठी माणसं निघतात. शुक्रवारी, अक्षयतृतीयेला, गिरिजाबाईंनी इरकली नेसली, कपाळाला विभूती लावली, यंत्रात नवे सेल घालून ते पिशवीत ठेवलं आणि पुढच्या खोलीत बसल्या. गल्लीतून माणसं जाताना दिसत होती. शंभुलिंगांच्या दारात कुणीतरी थांबलं, हात जोडले, बोललं. गिरिजाबाई उठून उभ्या राहिल्या. ते माणूस पुढच्या दाराला गेलं. ऊन उंबऱ्यावरून आत आलं, मग परत बाहेर गेलं. त्यांनी लुगडं घडी करून ठेवलं आणि सकाळची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

संध्याकाळी सारजाबाई डोकावली. ती यात्रेहून आल्यापासून कुंकू-बुक्का द्यायचं राहिलं होतं. कागदाची पुडी हातावर ठेवत ती म्हणाली, "तुमी न्हाय आलात व्हय जेवायला?"

"बोलावणं नव्हतं. भजन झालं का?"

"कसलं भजन! मोबाईलवर गाणी लावल्ती. कोन ऐकतंय? पर जेवन झ्याक व्हतं. भज्जी गरम व्हती."

"बायका विचारत होत्या का माझं?"

सारजाबाईनं जरा आठवून बघितलं. तिला खोटं बोलायला सुचलं नाही. "न्हाय बा," ती म्हणाली. "गर्दी लई व्हती."

सोमवारी भजनाच्या वेळेच्या आधी चन्नम्मा आली. दारात उभी राहून धापा टाकत होती. चपला काढल्या नाहीत.

"जित्या माणसाचा आवाज पुसत्यात व्हय अक्का? विचारायचं तरी एक शब्द."

"विचारायला हवं होतं," गिरिजाबाई म्हणाल्या. "ते माझं चुकलं."

चन्नम्माला भांडण वाढायला हवं होतं. या उत्तरानं तिची पंचाईत झाली. "मी मुद्दाम बोलावणं न्हाय पाठवलं," ती म्हणाली. "मला राग आल्ता."

"कळलं मला."

"पाव्हण्यांसमोर मान खाली गेली माझी." ती आत आली, भिंतीला धरून खुर्चीवर टेकली. "बरं, आता भर परत. मी आत्ता म्हणते, तू भर. म्हणून झालं की जाते, घरी पोरं वाट बघत्यात."

यंत्र सतरंजीवरच होतं. माइक लावला की झालं असतं. चन्नम्मानं पदरही सावरला.

"नाही भरत," गिरिजाबाई म्हणाल्या.

"का?"

जन्मभर जे घडलं तेच सांगायची सवय. मनातलं बोलायला त्यांना शब्द शोधावे लागले. "भरलं की तू येत नाहीस," त्या म्हणाल्या. "मला तू यायला हवी आहेस. सोमवारपुरती तरी."

चन्नम्मानं गुडघ्यावर हात फिरवला. तेवढ्यात सारजाबाई आली, दोघींकडे बघून गुपचूप सतरंजीवर बसली.

"खरं सांगू का अक्का," चन्नम्मा हळूच म्हणाली, "मला दर सोमवारी न्हाय जमायचं आता. बटण नसलं तरी. जिना उतरायचा म्हटलं की जीव जातोय. नवं घर तर त्या टोकाला."

"बरं."

"शिवलीला तर येणारच न्हाय. तिला येळ कुठाय?"

"बरं."

"आलेय तर एक म्हणते," चन्नम्मा म्हणाली.

गिरिजाबाईंनी सूर धरला, काळी तीनवरून. भरलेले आवाज गेल्यावर चारची आता गरज नव्हती. सारजाबाई नेहमीसारखी आधीच सुटली. चन्नम्मानं तिच्या मांडीवर चापट मारली, "थांब की गं बये!" आणि स्वतः मधेच खोकली. ध्रुपद तीनदा घसरलं. लय इतकी उतरली की यंत्रातले टाळ पुढं निघून गेले. गिरिजाबाईंनी ते बंद केले आणि नुसता सूर ठेवला. एक भजन झालं तशी चन्नम्मा उठली, भिंत धरत दारापर्यंत गेली. "बघते," ती म्हणाली. कधी ते नाही सांगितलं. गल्लीच्या तोंडापर्यंत तिचं एक पाऊल टाकून थांबणं, पुन्हा एक टाकणं गिरिजाबाई बघत होत्या.

आत सारजाबाई यंत्राची बटणं एकेक दाबत होती. "ह्ये समदं रिकामं हाय आता?"

"हो."

"मग माझं भरता का?" ती म्हणाली, आणि लगेच, "नगं, ऱ्हाऊ द्या." तिला गोठ्यात जायचं होतं. तीही उठली.

संध्याकाळी गिरिजाबाईंनी वही काढली. सोमवार, १३ मे. ढगाळ, पण पाऊस नाही. भजन झालं. सारजाबाई आली. चन्नम्मा येऊन गेली. ज्वारीचं दळण गिरणीतच राहिलं, उद्या आणायचं.